बुलडॉग की बिलियर्ड? एकच पाईप घ्यायचा असेल तर

गेल्या रविवारी भाच्याने व्हॉट्सॲपवर तंबाखू ओढायच्या पाईपचे दोन फोटो टाकले आणि खाली एवढंच लिहिलं, "मामा, यातला कुठला?" एक सरळ बिलियर्ड, एक सरळ बुलडॉग, म्हणजे पाईपचे दोन आकार. दोन्ही ब्रायरच्या लाकडाचे, किमतीही जवळपास सारख्या. मी लगेच "बुलडॉग" असं टाइप केलं आणि पुसून टाकलं. माझ्याकडे सहा पाईप आहेत, त्यातले चार बुलडॉग. मालवणच्या माणसाला सुरमई की पनीर विचारावं, तसला हा प्रकार. शिवाय तो एकच घेणार आहे, आणि एकच घेणाऱ्याचं गणित निराळं असतं.

त्याआधी एक सांगून टाकतो. हा गडी सिगरेट सोडून पाईपकडे वळतोय आणि "धूर छातीत घ्यायचा नसतो, म्हणून बरं" असं घरी पटवतोय. बरं वगैरे काही नाही. धूर तोंडात घोळवायचा म्हणजे ओठ, जीभ, घसा यांच्यावर पाळी. परळच्या टाटा हॉस्पिटलात पाईपवाल्यांसाठी वेगळी रांग नाही. त्याला फोनवर ऐकवून झालं, तुम्हालाही सांगितलं. आता आकाराकडे वळू.

कुणालाही कागदावर पाईप काढायला सांगा, तो काढेल तो बिलियर्ड. बाऊल, म्हणजे तंबाखू भरायची वाटी, उभा, बाजू जवळपास सरळ, बाऊलमधून निघणारी लाकडी दांडी गोल आणि तिची लांबी साधारण बाऊलच्या उंचीएवढी. या साधेपणात लपायला जागा नसते. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळाजवळची गाठ. ती मातीत वाढते, त्यामुळे खडे, खळगे तिच्यात असायचेच. बिलियर्डच्या गुळगुळीत बाजूवर पुट्टी भरलेली असली तर उजेडात धरल्यावर कळते. म्हणून चांगला बिलियर्ड दिसायला साधा आणि सापडायला कठीण.

बुलडॉग समजवायला मला फोटोपेक्षा आजीचा कुंकवाचा लाकडी करंडा जवळचा वाटतो. खाली गोलसर वाटी, वर निमुळतं होत गेलेलं झाकण, आणि दोन्ही जिथे मिळतात तिथे कातलेल्या दोन बारीक रेघा. बुलडॉगचा बाऊल अगदी तसा, फक्त झाकणाचं टोक कापलेलं. दांडी आडवी कापली तर चौकटचा एक्का दिसेल: चार कडा, त्यातली एक बरोबर वर, एक बरोबर खाली. बाऊल असाच ठेवून दांडी गोल केली की झाला ऱ्होडेशियन. त्याच्याकडे नंतर येतो, कारण भाच्याने त्याचा फोटोच पाठवला नव्हता आणि माझ्या मते घोळ तिथेच आहे.

लोक बुलडॉगच्या प्रेमात का पडतात? दिसणं हे अर्धंच कारण. पाईप पेटवून दहा मिनिटं झाली की बाऊल गरम व्हायला लागतो, आणि बिलियर्ड बोटांत धरणारा माणूस नकळत पकड बदलत राहतो, कधी तळाला, कधी दांडीवर. बुलडॉगची भिंत सर्वांत जाड असते ती नेमकी त्या दोन रेघांच्या आसपास, जिथे तळहात येतो. बाऊल मुठीत बसतो. अंगठा आपसूक वरच्या उतारावर जातो आणि तर्जनी दांडीच्या खालच्या कडेला टेकते. अंधारात गॅलरीत बसलेलं असताना पाईप सरळ आहे की कलंडलाय हे बोटांना कळतं, कारण गोल दांडीला वरखाली नसतं, या दांडीला असतं. माझा सगळ्यात जुना बुलडॉग उजव्या अंगठ्याखाली इतका गुळगुळीत झालाय की तेवढ्या जागी रेघेची धार लागतच नाही.

मुंबईत या पकडीला आणखी एक महत्त्व आहे. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आली, म्हणजे ऑफिस गेलं, हॉटेल गेलं. मरीन ड्राइव्हचा वारा तर पाईपचा शत्रूच: तंबाखू भराभर जळते, बाऊल तापतो, जीभ पोळते. उरली घरची गॅलरी आणि खुर्ची. एक बाऊल सावकाश ओढला तर पाऊण तास जातो, आणि तो पाऊण तास पाईप दातांत कमी, हातात जास्त असतो. हातात धरायच्या वस्तूची पारख हातानेच व्हावी, या हिशेबात बुलडॉग पुढे.

आता दुसरी बाजू. काही वर्षांपूर्वी चोर बाजारात, मटन स्ट्रीटवर, एका टपरीवजा दुकानात जुना बुलडॉग दिसला. लाकूड सुरेख. भाव करून घेतला, घरी आणला, दिव्याखाली धरला. दांडीची वरची कड आणि स्टेमची, म्हणजे दांडीत बसणाऱ्या, दातांत धरायच्या नळीची, वरची कड एका रेषेत नव्हती; स्टेम दुसऱ्याच कुठल्या पाईपचं होतं. गोल दांडीत स्टेम थोडं फिरवून ओठांशी आडवं करता येतं. इथे चार कडांना चार कडा भेटायला हव्यात, केसाएवढा फरकही डोळ्यांत खुपतो. ते स्टेम घासून जुळवायला बसलो तर कडाच गोल झाल्या. वर दोन रेघांमधला तो बारीक मणी एका जागी उडालेला होता. जुन्या बुलडॉगमध्ये ही खोड नेहमीची: आपटला की आधी तो मणीच मोडतो. बिलियर्ड पडला तर पोचा येतो, एवढंच.

त्यात आपला पाऊस. स्टेम एबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं, असेल तर ऊन आणि दमट हवेने ते काळ्याचं हिरवट-पिवळट होतं आणि चव कडवट लागते. मग बारीक पॉलिश पेपर आणि घासणं आलं. गोल स्टेम शंभर वेळा घासा, गोलच राहतं. बुलडॉगचं दर वेळी थोडं थोडं बोथट होत जातं, आणि कडा गेल्या की बुलडॉगमध्ये उरतं काय? ॲक्रिलिकचं स्टेम रंग बदलत नाही, पण दाताला कडक लागतं. हातात धरून ओढणाऱ्याला ते चालून जावं. रेघांत काजळी आणि धूळ बसते ती वेगळीच. मी लाकडी टूथपिकने काढतो, आणि "दात कोरायचे राहिले, पाईप कोरतोयस" हे बायकोचं वाक्य ठरलेलं.

साफसफाईत सरळ पाईप, मग तो कुठलाही असो, वाकड्याच्या पुढे. क्लीनर, म्हणजे साफ करायची लवचीक तार, स्टेममधून थेट बाऊलच्या तळापर्यंत जातो. गुप्तहेराच्या चित्रात असते तसली वाकडी दांडी सुरुवातीला सगळ्यांनाच हवी असते. तिचा फायदाही खरा आहे: वजन हनुवटीजवळ येतं, दातांवर ताण कमी. पळी टोकाला धरून भरलेली उचला आणि मग मधोमध धरून उचला, फरक लगेच कळेल. पण वाकणात ओल साचते आणि जुलैत, तंबाखूच मुळात दमट असताना, पाईप हुक्क्यासारखा गुरगुरतो. डब्लिनच्या पीटरसन या पाईपवाल्याने १८९० मध्ये पेटंट घेऊन दांडीत ओल साचायला वेगळी खोबण केली ती याच त्रासावर. पहिला आणि एकुलता एक पाईप म्हणून वाकड्याच्या वाटेला मी जाणार नाही.

तर भाच्याला काय सांगितलं? आधी विचारलं, ओढताना हात मोकळे लागणार आहेत का? तो लॅपटॉपसमोर बसतो, दोन्ही हात कीबोर्डवर. मग पाईप दातांतच राहणार, आणि तिथे हलका, बारीक बिलियर्ड बरा. बुलडॉगचा पोटाकडचा जाडपणा हाताला सुखाचा असला तरी दातांना ते वजनच. शर्टाच्या खिशातही बुलडॉग फुगतो. हात मोकळे नको असतील आणि दर पावसाळ्यात घासाघीस करायचा कंटाळा असेल, तर ऱ्होडेशियन शोध म्हटलं: तोच करंडा, तीच मुठीतली पकड, आणि गोल दांडीमुळे स्टेमची कटकट नाही. कडांचं ते बोटांना कळणं मात्र त्यात नाही, हे मान्य करूनच घ्यायचा. हिशेबाने बघितलं तर मुंबईत हाच शहाणपणाचा सौदा. माझ्याकडे एकही नाही, तो भाग वेगळा.

आकार कुठलाही घेतला तरी एका पाईपवर रोज ओढता येत नाही. ब्रायर एक दिवस तरी सुकायला हवं, पावसाळ्यात दोन दिवस. गरम असताना स्टेम ओढून काढायचं नाही, स्टेमची दांडीत बसणारी खुंटी सैल होते किंवा दांडीला चीर जाते.

तरीही बुलडॉगच हवा असेल, आणि त्याच्या आवाजावरून तो हवाच आहे असं मला वाटलं, तर म्हटलं, ऑनलाइन मागव पण पेटवायच्या आधी खिडकीशी ने. स्टेम बसवून पाईप डोळ्यांसमोर बंदुकीसारखा धर, चारही कडांवरून बोटाचं नख स्टेमकडून बाऊलकडे फिरव. जोडावर नख अडलं, तर डबा पुन्हा चिकटवून परत पाठव.