ट्रकबी की पी७५: मेंदूला इजा झाल्यावर औषधाने कोणाला धरावं?

बीडीएनएफ हे मेंदूतलं वाढ-प्रथिन; ट्रकबी आणि पी७५ हे त्याचे रिसेप्टर, म्हणजे पेशीवरची संदेश घेणारी प्रथिनं. बीडीएनएफचं कोणतं रूप कोणत्या रिसेप्टरला चिकटतं, यावर चेतापेशीचं भवितव्य ठरतं. पक्व बीडीएनएफ ट्रकबीला चिकटलं की एकेटी आणि ईआरके हे पेशीतले संदेशमार्ग चालू होतात, पेशी तगते. न कापलेलं, म्हणजे अपक्व प्रोबीडीएनएफ मात्र सॉर्टिलिन या दुसऱ्या रिसेप्टरच्या जोडीने पी७५ला धरतं; मग जेएनके या संदेशमार्गामार्फत पेशी मरू शकते.

मग सरळ ट्रकबीच चेतवावा? गफलत इथेच होते. इजेनंतर ग्लुटामेट या चेतवणाऱ्या रसायनाचा पूर आला की कॅल्पेन हे एन्झाइम ट्रकबी चिरतं, आतला कायनेज (संदेश पुढे नेणारा) भाग नसलेला ट्रकबीचा टी१ प्रकार वाढतो, आणि औषध देऊनही संदेश पेशीत पोचत नाही. बीडीएनएफ रक्तातून मेंदूत नीट शिरत नाही, ते वेगळंच. वर ट्रकबी फार चेतवला तर अपस्माराची भीती.

पी७५चं उलट. तळच्या अग्रमेंदूतल्या कोलिनर्जिक (ॲसिटिलकोलिन हे रसायन वापरणाऱ्या) पेशी सोडल्या तर प्रौढ मेंदूत तो कमीच असतो, इजेनंतर वाढतो. नेम धरायला सोयीचं. त्याचा संदेश मरण्याऐवजी जगण्याकडे वळवणारं एलएम११ए-३१ हे तोंडाने घ्यायचं औषध अल्झायमरच्या रुग्णांना २६ आठवडे दिलं गेलं. ते सुरक्षित ठरलं, पण आकलनशक्तीत ठळक फरक दिसला नाही. तरी इजेनंतरच्या पहिल्या दिवसांत पी७५च आधी आवरावा, असं आमचं मत.