ग्लँडची दोरी की बिनठिबक सील? शिवसागरातले आठ महिने

कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाकाठी, बामणोलीत आमच्या घरच्या दोन बोटी आहेत, दोन्ही डिझेल इंजिनच्या. गेल्या ऑक्टोबरात, वासोटा किल्ल्यावर जाणाऱ्या पर्यटकांचा हंगाम सुरू व्हायच्या तोंडावर, मोठ्या बोटीच्या शाफ्टची, म्हणजे इंजिनापासून पंख्याकडे जाणाऱ्या दांड्याची, ग्लँड (दांडा बोटीबाहेर जातो तिथं दोरी भरून पाणी अडवायची जुनी सोय) काढून बिनठिबक सील बसवलं. धाकटीला जुनी ग्लँडच ठेवली. आता मे संपत आला, पाणी पार खाली गेलंय आणि हातात वेळ आहे, म्हणून लिहितोय.

आधी दुखणं काय होतं ते सांगतो. मोठ्या बोटीत रोज सकाळी दोन बादल्या पाणी निघायचं. तळात डिझेल, ग्रीस आणि पाण्याचा काळा रस्सा. पर्यटक फळीवर बूट काढून ठेवायचे आणि उतरताना मोजे पिळायचे. चुलते मात्र ठाम होते, "ग्लँड ठिबकलीच पाहिजे, नाहीतर शाफ्ट जळंल." त्यांचं खरं आहे. दोरी शाफ्टला घासत असते आणि ते ठिबकणारं पाणीच तिला गार ठेवतं. पण ठिबकणं आणि धार लागणं यात फरक आहे. बोट चालताना मिनिटाला दहा थेंब पडले, तर तीन तासांच्या फेरीत जेमतेम एक कटिंग चहाएवढं पाणी होतं. आमच्याकडे नट आवळून आवळून शाफ्टवर खाच पडली होती. खाच पडली की दोरी कितीही नवी घाला, पाणी वाट काढतंच.

बिनठिबक सील म्हणजे पंपातल्या मेकॅनिकल सीलचाच भाऊ. शेतातल्या पाण्याच्या मोटरीवर ज्यांनी ते पाहिलंय, त्यांना लगेच कळेल. स्टर्न ट्यूबवर, म्हणजे शाफ्ट ज्यातून बाहेर जातो त्या नळीवर, रबरी भाता, त्याच्या तोंडाला कार्बनची चकती. ही फिरत नाही. शाफ्टवर ओ-रिंगवाली (आत रबरी कडी असलेली) स्टीलची चकती घट्ट बसवायची, ती शाफ्टबरोबर फिरते. भाता दाबलेला असल्यामुळे कार्बन स्टीलला चिकटून राहतो आणि पाणी तिथंच अडतं. शाफ्टला काहीच घासत नाही. आमची खाच तर भात्याच्या आत गेली. स्टीलची चकती पुढं, चांगल्या शाफ्टवर बसली. तिथं बारीक एमरी पेपरनं हात मारून घेतला, नाहीतर खरबरीत शाफ्टवर ओ-रिंग फाटते.

बसवायला दोन दिवस गेले, त्यातला दीड दिवस निव्वळ कपलिंग (शाफ्ट इंजिनाला जोडणारा भाग) सोडवण्यात. गंजून शाफ्टशी एकजीव झालेलं. साताऱ्याहून आणलेल्या पुलरचा एक पाय वाकला. सील घ्यायच्या आधी तुमचं कपलिंग निघतं का ते बघा, हा माझा पहिला सल्ला. दुसरा, भाता सीलबरोबरच्या कागदात दिलेल्या मापाएवढाच दाबा. शाफ्टच्या मापाप्रमाणे ते पाऊण ते एक इंच असतं. अंदाजपंचे काम करू नका. चकती शाफ्टला धरून ठेवणारे ग्रब स्क्रू नवेच वापरा आणि चकतीच्या पुढं शाफ्टवर एक जादा कॉलर आवळा. चकती घसरली तर कार्बनवरचा दाब जाईल आणि तळ भरेल.

कपलिंग निघालंच होतं म्हणून फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून अलाइनमेंट, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत आहेत का, ते पाहिलं. कपलिंगच्या व्यासाला दर इंचामागं एक थाऊ (इंचाचा हजारावा भाग) फट चालते. म्हणजे आमच्या चार इंचीला चार. निघाले अकरा! इंजिनच्या पायाखाली पत्र्याचे तुकडे सरकवून तीनवर आणले. खरं सांगू, निम्मा गुण इथंच आला. हेच काम धाकट्या बोटीवर केलं, जुनी दोरी हुकानं उकरून पूर्ण काढली (लोक जुन्यावरच नवी कोंबतात), चार फेरे घातले, प्रत्येकाचा जोड वेगळ्या बाजूला ठेवला. ती आता चालताना थेंब थेंब देते आणि उभी असली की कोरडी असते.

मोठीचा तळ नोव्हेंबरपासून कोरडा आहे. पहिले काही दिवस चकतीभोवती बारीक काळा फवारा उडाला, कार्बन बसेपर्यंत तसं होतं. फडक्यानं पुसलं, पुन्हा दिसला नाही.

मार्चमध्ये घोळ झाला. पाणी उतरलं म्हणून पंखा साफ करायला बोट काठावर ओढली. परत पाण्यात ढकलताना भाता दाबून आतली हवा काढायची राहिली. पोरानं इंजिन सुरू केलं आणि तळातून कुकरच्या शिट्टीसारखा आवाज. चकती हाताला चटका देईल इतकी तापलेली. बंद केलं, गार होऊ दिलं, कार्बन हातानं मागं ओढून पाणी येऊ दिलं. सुदैवानं निभावलं. आता इंजिनच्या झाकणावर खडूनं लिहिलंय, 'आधी हवा काढ'.

एप्रिलात बांधायचा नायलॉन दोर पंख्यात गुंतला, शाफ्टला हिसका बसला आणि कार्बनच्या फटीतून पाणी उडालं. गाळाचा कण अडकला असावा. पुन्हा तेच, मागं ओढून पाण्याच्या धारेनं धुतलं, थांबलं. ग्लँड असती तर नट अर्धा फेरा आवळून पुढं निघालो असतो.

तेवढी एक धास्ती राहतेच. ग्लँड बिघडते ती हळूहळू, आठ दिवस आधी सांगून. भात्याचं रबर फाटलं तर वेळच मिळणार नाही, आणि बोटीत माणसं असतात. म्हणून दर सोमवारी टॉर्च घेऊन भाता आणि दोन्ही बाजूंचे डबल क्लॅम्प चाचपतो. तळातलं पाणी उपसणाऱ्या बिल्ज पंपाचा फ्लोटही हातानं उचलून बघतो. सहा वर्षं झाली की भाता चांगला दिसला तरी बदलायचा.

खर्च म्हणाल तर एका सीलच्या पैशात धाकटीला जन्मभर दोरी पुरेल. रोज माणसं नेणारी बोट असेल, अलाइनमेंट जागेवर असेल आणि हात काळे करायची तयारी असेल, तर सील घ्या. वर्षातून चार वेळा पाण्यात जाणाऱ्या किंवा सारखी काठावर ओढावी लागणाऱ्या बोटीला ग्लँडच बरी. धाकटीची ग्लँड काढून मी सील घालणार नाही.

चुलते अजून मोठ्या बोटीत चढले की आधी फळी उचलून खाली बघतात. कोरडं दिसलं की म्हणतात, "गार कशानं होतंय मग?" चकतीला पाणी पाठीमागून लागतं, हे मी चारदा सांगून झालंय.