लिनोकटसाठी शाईचा रोलर: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या जूनपासून या फेब्रुवारीपर्यंत मी तीन वेगवेगळ्या रोलरांनी लिनोकटची छपाई केली. लिनोकट म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर (लिनोवर) चित्र कोरायचे, न कोरलेल्या उंच भागाला रोलरने शाई लावायची आणि ते कागदावर उतरवायचे. माझ्याकडे प्रेस, म्हणजे दाब देऊन छापणारे यंत्र, नाही. ठाण्यातील घराच्या जेवणाच्या टेबलावर काच ठेवून मी शाई पसरवते आणि कागदावर चमच्याची पाठ घासून छाप उतरवते. लिनो तागाच्या पाठीचा राखाडी, बहुतेक वेळा २० बाय ३० सेंटिमीटरचा. शाई ऑफसेट छपाईच्या डब्यातली, गरज पडल्यास जवसाच्या तेलाचे दोन थेंब घालून सैल केलेली. ज्यांच्याकडे प्रेस आहे किंवा जे पाण्यावर आधारित शाई वापरतात त्यांचा अनुभव थोडा निराळा असेल, म्हणून ही परिस्थिती आधीच सांगून ठेवते.

पहिला रोलर चित्रकलेच्या साहित्याच्या दुकानातून घेतला होता, अडीचशे रुपयांना. रुंदी १० सेंटिमीटर, व्यास सुमारे ३८ मिलिमीटर, पत्र्याची फ्रेम आणि प्लॅस्टिकची मूठ. बारीक रेषांच्या चित्रांत त्याने मला काही त्रास दिला नाही. त्रास सुरू झाला तो रात्रीचे मोठे काळे आकाश असलेला ठोकळा (कोरलेला लिनो) छापायला घेतला तेव्हा. आकाशात दर वेळी एक फिकट आडवी रेघ येई आणि ती प्रत्येक छापात जागा बदले. मी आधी कागदाला दोष दिला, मग पावसाळी दमटपणाला, मग स्वतःच्या चमच्याला. शाईचा डबासुद्धा बदलून पाहिला. शेवटी एका छापात अशा दोन रेघा दिसल्या तेव्हा त्यांच्यामधले अंतर पट्टीने मोजले, ते १२ सेंटिमीटर भरले. कागदाची अरुंद पट्टी रोलरभोवती गुंडाळून मोजली, तर तिची लांबीही तितकीच. रोलरच्या रबरावर साच्याचा जोड उंचवट्यासारखा राहिला होता. बोटाला तो जेमतेम लागत होता, पण शाईच्या पातळ थराला तेवढाही पुरे होता.

या मोजणीतून दुसरी गोष्ट लक्षात आली, आणि रोलर निवडताना आता मी सर्वांत आधी तिचाच विचार करते. रोलरचा परीघ म्हणजे एका फेऱ्यात तो देऊ शकत असलेल्या पूर्ण शाईची लांबी. ३८ मिलिमीटर व्यासाचा रोलर पहिल्या १२ सेंटिमीटरमध्ये आपल्याकडची ताजी शाई देतो. त्यानंतर तोच पृष्ठभाग, निम्मी शाई दिलेला, पुन्हा लिनोवर येतो आणि तिथून पुढचा पट्टा फिका पडतो. कोरलेल्या भागाचा ठसाही रोलरवर उमटलेला असतो, तोही पुढे भुतासारखा दिसू लागतो. उभे, आडवे, तिरपे असे अनेक हात फिरवून आणि मध्येमध्ये शाई घेऊन हे झाकता येते, पण तोवर थर नको तितका जाड झालेला असतो आणि बारीक कोरीव रेषा बुजू लागतात. चित्रकार नंदलाल बोस यांनी दांडीयात्रेतील गांधीजींचे जे लिनोकट १९३० मध्ये केले, त्याच्यासारखी सपाट काळी पार्श्वभूमी साधायची असेल तर लहान रोलर हाती धरून स्वतःची परीक्षा पाहण्यात अर्थ नाही.

दुसरा रोलर ऑगस्टमध्ये ऑनलाइन मागवला, परदेशी बनावटीचा, मऊ रबराचा आणि बराच महाग. जोड नव्हता, धातूची फ्रेम भक्कम होती आणि उलटा ठेवला की रबर टेबलाला टेकत नसे. पहिल्या महिन्यात मी त्याच्यावर खूश होते, कारण किंचित उंचसखल लिनोवरही तो सगळीकडे पोचत असे. मात्र मऊपणाची किंमत उथळ कोरीवकामाने मोजली. रबराचा कठीणपणा शोअर ए या मापात सांगतात: २० ते ३० म्हणजे मऊ, ४० च्या आसपास मध्यम, ६० च्या पुढे कडक. मऊ रबर दाबाखाली खाचांत उतरते, त्यामुळे जिथे मोकळा पांढरा हवा तिथे कोरणीच्या उरलेल्या धारा काळ्या उमटतात. काहींना तो खडबडीतपणा आवडतो, मलाही कधी कधी आवडतो. पण तो आपण ठरवून यावा, रोलरने ठरवून नव्हे. कडक रोलरने उलटी अडचण होते: तो केवळ उंचवट्यांवरून जातो आणि लिनोत जरा खोलगट भाग असला की तिथे शाईच पोचत नाही. लिनोसाठी मला ४० च्या आसपासचे रबर योग्य वाटते, हा निष्कर्ष मी तिसऱ्या रोलरनंतर काढला.

तो तिसरा रोलर कोणत्याही दुकानातला नाही. छापखान्यांच्या ऑफसेट मशीनचे झिजलेले रोलर पुन्हा रबर चढवून देणारे कारखाने असतात. तशा एका कारखान्यातून मी तो ऑक्टोबरमध्ये करून घेतला. लेथवाल्याकडून लोखंडी नळी आणि दोन बेअरिंगे बसवून घेतली, कारखान्यात तिच्यावर नायट्राइल हे कृत्रिम रबर चढवून, भट्टीत पक्के करून, ग्राइंडिंग करून मिळाले. मागणी एवढीच सांगितली: तयार व्यास ६० मिलिमीटर, रुंदी १५ सेंटिमीटर, कठीणपणा ४० शोअर. एकाच नगासाठी कोणी लक्ष देईल का, अशी शंका होती. दोन ठिकाणी नकार मिळाला, तिसऱ्या ठिकाणी त्यांच्या मोठ्या कामाबरोबर माझी नळी भट्टीत गेली. ६० मिलिमीटर व्यासाचा परीघ जवळपास १९ सेंटिमीटर येतो, म्हणजे माझ्या ठोकळ्याची २० सेंटिमीटरची बाजू जवळजवळ एका फेऱ्यात संपते. आकाशातला फिका पट्टा त्या दिवसापासून गेला.

त्याच्यात दोष नाहीत असे नाही. तो जड आहे, तासभर काम केले की मनगट बोलू लागते. हे वजन उपयोगीही पडते, कारण वरून दाबावे लागत नाही, नुसता ढकलला तरी पुरतो. पण पंधरा-वीस छापांच्या आवृत्तीला सलग बसायचे असेल तर ते लक्षात ठेवावे. सुरुवातीला बेअरिंगातले ग्रीस कडेने झिरपून शाईत मिसळत होते, ते लेथवाल्याने झाकण बसवल्यावर थांबले. मूठ साध्या लोखंडी पट्टीची करण्यातली चूक मात्र माझीच. खाडीवरच्या हवेत दिवाळीपर्यंत तिच्यावर गंजाचे ठिपके आले.

सफाईबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण दुसरा रोलर मी याच ठिकाणी बिघडवला. सवयीने मी तो रॉकेलने पुसत असे. सप्टेंबरअखेरीस छापाच्या दोन्ही बाजूंना आगगाडीच्या रुळांसारख्या दोन गडद रेघा दिसू लागल्या, तेव्हा पाहिले तर रबराच्या कडा फुगून मधल्या भागापेक्षा वर आल्या होत्या. पुष्कळ रबरे रॉकेल शोषून घेतात आणि कडेला ते दोन बाजूंनी शिरते. नायट्राइल रबर खनिज तेलापुढे बरेच टिकते, छापखान्यांत ते वापरतात त्याचे हेच कारण. तरीही आता मी सगळे रोलर आधी वर्तमानपत्रावर फिरवून कोरडे करते, मग स्वयंपाकाच्या तेलाने शाई सुटवते, शेवटी भांड्यांच्या साबणाचे फडके फिरवून लगेच पुसते. पुसल्यावर रोलर खिळ्याला टांगायचा, उन्हापासून दूर. एकदा रात्रभर काचेवर टेकलेला राहिला तर मऊ रबरावर पडलेला चपटा पट्टा पुढे आठवडाभर छापात डोकावत होता.

दुकानात उभे असताना मी आता लेबलावरचे ‘प्रोफेशनल’ वाचत नाही. रोलर काचेच्या काउंटरवर ठेवून पलीकडच्या उजेडाकडे पाहते. रबर आणि काच यांच्यामधून प्रकाशाची फट दिसली तर तो सरळ नाही. मग न दाबता हळूच ढकलते आणि तो मध्ये अडतो का, फ्रेममध्ये डावीउजवीकडे खुळखुळतो का, ते बघते. नखाने दाबून खूण लगेच भरून येते का आणि जोड हाताला लागतो का, हेही तपासते. दुकानदार जरा वैतागतो, पण आजवर कोणी हाकलले नाही.

चांगल्या रोलरमुळे शाईचा थर ओळखायला शिकता येते, असेही मला वाटू लागले आहे. आधीच्या दोन रोलरांवर काचेवरचा थर संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत आहे की मखमलीसारखा झाला आहे, हे मला नीट कळतच नव्हते. आता चिकट चटचट थांबून बारीक सळसळ ऐकू आली की हात आपोआप काचेवरून लिनोकडे वळतो. डिसेंबरातल्या थंड सकाळी ती सळसळ यायला जास्त वेळ लागतो, तेव्हा शाई पात्याने काचेवर घोटून घेते.

फुगलेल्या कडांचा दुसरा रोलर मी टाकला नाही. त्याच्या दोन्ही कडा धारदार पात्याने सेंटिमीटरभर कापून काढल्या आणि छोट्या, बारीक रंगीत भागांना शाई लावण्यासाठी तो ठेवला आहे. ग्रीटिंग कार्डाएवढ्या ठोकळ्यांना मी अजूनही आधी त्यालाच हात घालते. पहिला रोलर शेजारच्या मुलीला बटाट्याचे ठसे करायला दिला. नायट्राइलच्या रोलरला या महिन्यात स्टेनलेस स्टीलची मूठ लावून घेणार आहे, आणि जमलेच तर त्याच कारखान्यात त्याच व्यासाचा, पण ८ सेंटिमीटर रुंदीचा, हलका जोडीदार.