थेट बैठकीतल्या नोंदी

नोबुताका इके यांनी इंग्रजीत आणलेल्या, जपानच्या १९४१ मधल्या धोरणबैठकांच्या नोंदी (स्टॅनफर्ड, १९६७) दोन रात्रींत वाचल्या. ऑक्टोबरात नौदलप्रमुख नागानो सांगतात, आरमार तासाला ४०० टन तेल जाळतंय. अमेरिकेने तेल तोडल्यानंतरची सगळी घालमेल त्या एका वाक्यात आहे! ६ सप्टेंबरला सम्राट आपल्या आजोबांची, मेइजींची, शांततेची कविता वाचून दाखवतात. तरी १ डिसेंबरला युद्धावर शिक्कामोर्तब होतंच. तिथे मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसून राहिलो. एक मात्र ध्यानात ठेवा: बऱ्याचशा नोंदी लष्करप्रमुख सुगियामांकडच्या, त्यामुळे परराष्ट्रमंत्री तोगोंचा विरोधही लष्कराच्याच कानांनी ऐकू येतो. या विषयावर दुसरं काही घेण्याआधी हे घ्या.