ट्रंकेवरचा सात आणि सर्टिफिकेटवरचा एक

आमचे आबा, म्हणजे वडिलांचे वडील, १९४६ साली पलटणीतून घरी आले ते एक लोखंडी ट्रंक आणि एक पितळी मग घेऊन. पेन्शन बसण्याइतकी नोकरी झाली नव्हती. दुसऱ्या महायुद्धातल्या लढाईचा विषय ते टाळायचे. बोललेच तर इटलीतल्या चिखलाबद्दल, नाहीतर शेवटी जर्मन कैद्यांवर पहारा दिला त्याबद्दल. "त्यांनी बंदुका टाकल्या आन आमाला राखणीला बसवलं," एवढंच. मी चौथीत असताना ते गेले, त्यामुळे पुढचं विचारायचं राहूनच गेलं.

गेल्या वर्षी अण्णांना, माझ्या वडिलांना, अठ्ठ्याहत्तरावं लागलं. त्यांची एकच इच्छा होती: आबा तिकडे नेमके कुठे होते आणि लढाई संपल्यावरही वर्षभर परत का आले नाहीत, हे कळावं. एवढं माहीत होतं की पलटण फिफ्थ माहराट्टा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी. नाईक यशवंत घाडगे यांची पलटण, ज्यांना १० जुलै १९४४ च्या इटलीतल्या टायबर खोऱ्यातल्या लढाईसाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावला त्यांचा पुतळा आहे. अण्णा एकदा मुद्दाम एसटीने जाऊन त्याला हार घालून आले होते.

मी आधी रीतसर बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहिलं. उत्तर आलं की पेन्शन नसलेल्या जवानांचे कागद पंचवीस वर्षांनी नष्ट केले जातात, त्यामुळे आपल्या आजोबांचा शीटरोल, म्हणजे नोकरीच्या नोंदींचा कागद, उपलब्ध नाही. नियमच तसा आहे. पण अण्णांना ते पत्र वाचून दाखवताना माझा आवाज बसला. त्या रात्री माजी सैनिकांच्या कुटुंबांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी सगळं लिहून टाकलं. गाव, पलटण, आबांचं नाव, घाडग्यांचा उल्लेख, कैद्यांवरचा पहारा, सगळं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. बोलणं अतिशय अदबीचं. "ताई, तुमचा मेसेज वाचला आणि डोळ्यांत पाणी आलं. माझे पणजोबाही तुमच्याच पलटणीत होते." बेळगावात कागद जाळले तरी त्यांच्या नकला लंडनला असतात, तिथे आपला माणूस आहे, शोधण्याची फी फक्त साडेतीन हजार. मग त्याने विचारलं, "नंबर आहे का काही? ट्रंकेवर वगैरे?"

ट्रंक माळ्यावर होती. मी फोन कानाला धरून, टॉर्चच्या उजेडात झाकणावरचा पांढरा रंगवलेला नंबर त्याला वाचून दाखवला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तीच कामी आली.

आठवड्याभरात त्याचा फोन: "ताई, सापडले आबा!" ते घाडग्यांच्याच कंपनीत होते म्हणे. लढाई संपल्यावर निवडक शिपायांना जर्मनीत हॅम्बुर्गला नेलं, तिथे जर्मन कैद्यांचा मोठा कॅम्प होता, त्यावर आबांचा पहारा. मला रडूच आलं. अण्णांना स्पीकरवर ऐकवलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "आबा जर्मनीला कवा गेलं व्हतं?" मी त्यांना म्हटलं, तुम्हाला सांगितलं नसेल. अण्णांचं तेव्हा ऐकलं असतं तर सव्वीस हजार वाचले असते.

कारण पुढे मूळ सर्टिफिकेटच्या नकलेचे आणि टपालाचे अकरा हजार आठशे गेले. मग मेडल. "जर्मनीवर ताबा होता तेव्हा तिथे असलेल्यांना वेगळं ऑक्युपेशन मेडल होतं, आबांचं घ्यायचं राहिलंय, ते वारसाला मिळतं." त्याचे साडेचौदा हजार. एकूण एकोणतीस हजार आठशे. प्रत्येक वेळी वेगळा क्यूआर कोड, वेगळं नाव. मी विचारलं तेव्हा म्हणाला, ऑफिसातल्या वेगवेगळ्या मुलांची खाती आहेत.

पार्सल आलं. जाड पिवळसर कागदावर इंग्रजीत सर्टिफिकेट, तारीख १४ जून १९४५, खाली शिक्का. सोबत काळ्या-लाल फितीचं मेडल. आम्ही सर्टिफिकेट फ्रेम करून आबांच्या फोटोशेजारी लावलं. भाऊबंद येऊन फोटो काढून गेले. अण्णांनी पेढे वाटले.

माझी मुलगी दिवाळीला आली तेव्हा फ्रेमसमोर उभी राहून म्हणाली, "आई, १९४५ च्या कागदावर अशोकस्तंभाचे सिंह कसे गं?" राजमुद्रा स्वीकारली २६ जानेवारी १९५० ला. शाळेत हे मीच तिच्याकडून पाठ करून घेतलं होतं! मी लगेच त्याला फोन लावला. त्याच्याकडे उत्तर तयार होतं: नक्कल आत्ता काढली म्हणून शिक्का आत्ताचा. आणि सांगायला लाज वाटते, पण मला ते पटलं. पटवून घ्यायचं होतं ना.

त्याच फोनमध्ये त्याने पुढची गोष्ट काढली. जर्मनीतल्या पहाऱ्याचा भत्ता त्या शिपायांना कधी मिळालाच नाही, आता तो व्याजासकट वारसांना मिळतोय, रक्कम लाखांत आहे. वारस नोंदीसाठी बेचाळीस हजार आणि अण्णांचं आधार, पॅन, बँक पासबुक पाठवा. मी पाठवणारच होते. फॉर्मवर आबांचा नंबर नीट भरावा म्हणून ट्रंक खाली काढली आणि झाकण रॉकेलच्या बोळ्याने पुसलं. शेवटून तिसरा आकडा सात निघाला. वरची आडवी रेघ गंजाखाली गेली होती, म्हणून मी टॉर्चमध्ये तो एक वाचला होता.

फ्रेममधल्या सर्टिफिकेटवर एक होता.

लंडनच्या कागदांत माझी चूक कशी पोहोचली? मी तिथेच जमिनीवर बसले आणि त्याच्याशी झालेलं पहिलं बोलणं आठवू लागले. घाडगे मी सांगितले होते. कैदी मी सांगितले होते. त्याने स्वतःहून घातलेली एकच गोष्ट होती, हॅम्बुर्ग, आणि नेमकी तीच अण्णांना खटकली होती.

शेजारच्या गावात एक निवृत्त सुभेदार आहेत, इतिहासाचा नाद असलेले. फ्रेम घेऊन त्यांच्याकडे गेले. चष्मा लावून त्यांनी वाचलं आणि आधी चहा मागवला. मग एकेक सांगायला लागले. सर्टिफिकेटवर "ब्रिटिश आर्मी ऑफ द राइन" लिहिलंय, पण जर्मनीतल्या त्या ब्रिटिश फौजेला हे नाव मिळालं २५ ऑगस्ट १९४५ ला, जूनच्या कागदावर ते येईल कुठून? रेजिमेंटच्या नावातल्या "मराठा"चं इंग्रजी स्पेलिंग आजच्यासारखं आहे. त्या काळी त्यात मध्ये एच असायचा आणि पुढे दोन टी. आपली तिसरी पलटण दहाव्या इंडियन डिव्हिजनमधून इटलीत लढली. हॅम्बुर्ग ज्यात येतं त्या जर्मनीतल्या ब्रिटिश विभागात हिंदी, म्हणजे भारतीय, पलटणी नव्हत्याच.

मेडल त्यांनी उलटं केलं आणि हसायला लागले. पाठीमागे जपानचा फुजी पर्वत, त्यापुढे शिडाच्या होड्या आणि खाली १९४५. पुढच्या बाजूला राइन नदीवरच्या रेमागेनच्या पुलाचे बुरूज. ते अमेरिकन सैन्याचं मेडल आहे, जर्मनी आणि जपान दोन्हींकडच्या ताब्यासाठी एकच, म्हणून दोन्ही देश त्यावर. आमच्या आबांचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. आबांच्या हक्काचं होतं ते इटली स्टार, इटलीत लढलेल्यांचं ब्रिटिश मेडल. मेडल मी घरी किती वेळा हातात घेतलं असेल, पण मागचा डोंगर इटलीतला असेल असं धरून चालले होते.

मग ते कैदी कुठले? सुभेदार म्हणाले, इटलीतलेच. तिथल्या जर्मन फौजांची शरणागती २ मे १९४५ ला लागू झाली आणि एका दिवसात लाखो कैद्यांची राखण करायची वेळ आली. उत्तर इटलीचा बहुतेक भाग त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत दोस्त राष्ट्रांच्या लष्करी प्रशासनाखाली होता. म्हणजे आबांचं एका ओळीतलं बोलणं तंतोतंत खरं होतं. ते जर्मनीला नेण्याची कुणाला गरजच नव्हती.

सुभेदारांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती आधी कळायला हवी होती. हिंदी शिपायांचे वैयक्तिक कागद लंडनला नसतातच. तिथल्या ब्रिटिश लायब्ररीत मिळते ती मुख्यतः अधिकाऱ्यांची माहिती. लंडनमधल्याच क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये पलटणींच्या वॉर डायऱ्या आहेत, कुठल्या दिवशी पलटण कुठे होती ते त्यांत सापडतं, पण साध्या शिपायाचं नाव क्वचितच. कुणी लढाईत गेलं असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या वेबसाइटवर नाव फुकट शोधता येतं. बाकी चौकशीला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, तिथेही पैसे लागत नाहीत. "शीटरोलची नक्कल लंडनहून आणतो" म्हणणारा माणूस त्या एका वाक्यातच उघडा पडतो. आणि तुमच्यासाठी कुणी शोधायला तयार असेल, तर हाती असलेली एखादी गोष्ट त्याला सांगू नका. ती तो शोधून आणतो का ते बघा.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला तेव्हा शेवटचे पैसे जाऊन चाळीस दिवस झाले होते. पलीकडची मुलगी म्हणाली, पैसे गेल्या गेल्या कळवलं असतंत तर खातं गोठवता आलं असतं. तक्रार नोंदवली, पोलीस ठाण्यात जबाब दिला, खाती परराज्यातल्या कुणाकुणाची निघाली. पैसे आलेले नाहीत. आधार मात्र गेलं नाही, तेवढी ट्रंकेची कृपा.

अण्णांना सांगायला मला पंधरा दिवस लागले. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "सात व्हता व्हय?" मग ट्रंकेचं झाकण स्वतः एकदा पुसून बघितलं.

गेल्या महिन्यात कराडच्या माझ्या चुलत बहिणीला नव्या नंबरवरून मेसेज आला. डीपीवर गणवेशातला कुणी म्हातारा सुभेदार. "ताई, नमस्कार. आपले आजोबा कोणत्या पलटणीत होते?"