बारा इंची की सहा इंची? ॲक्शन फिगर जमवणाऱ्यासाठी एक तुलना

ॲक्शन फिगर म्हणजे सिनेमा-कॉमिक्समधल्या पात्राची सांधे हलणारी लहान प्रतिकृती. माझ्या काचेच्या कपाटात सध्या बारा इंची फिगर्स तीन आहेत. एके काळी त्या नऊ होत्या. सहा इंची फिगर्सची संख्या साठाच्या पुढे गेल्यावर मी मोजणे सोडून दिले. एवढ्यावरून माझा कल कोणीही ओळखेल, तरी हा निर्णय मला सहजासहजी घेता आला नव्हता, आणि ज्या एका कारणाने तो अखेर झाला ते कारण मी वाचलेल्या किंवा स्वतः लिहिलेल्या एकाही परीक्षणात नव्हते, म्हणून ते थोडे विस्ताराने मांडत आहे. प्रमाण, सांध्यांची संख्या, सोबत येणारे, बदलून बसवायचे जादा हात या गोष्टी वाचकांना ठाऊक आहेत असे धरून चालतो. ज्याच्याकडे दोन्ही मापांच्या एक-दोन फिगर्स आहेत आणि यापुढे पैसा व जागा कुठे घालावी हे ज्याला ठरवायचे आहे, त्याच्यासाठी हे लेखन आहे.

दोन मापांतला फरक वरवर पाहता उंचीचा आहे. मला मात्र तो कपड्यांचा वाटतो. १९६४ साली हॅसब्रो या अमेरिकी खेळणी-कंपनीने जी. आय. जो हा सैनिक बाजारात आणला तेव्हा तो जेमतेम बारा इंचांचा होता, त्याच्या अंगावर शिवलेले कापडी कपडे होते, आणि ‘बाहुली’ म्हटले की मुलगे हात लावणार नाहीत या धास्तीने त्याला ‘ॲक्शन फिगर’ हे नवे नाव दिले गेले. १९७८ साली केनर या दुसऱ्या खेळणी-कंपनीने स्टार वॉर्सची पात्रे पावणेचार इंचांत उतरवली, तेव्हा कपडे बहुतांशी वेगळे न शिवता अंगाबरोबरच प्लास्टिकमध्ये ओतले गेले. आजची बारा इंची फिगर, मग ती हाँगकाँगच्या हॉट टॉईजची असो वा अन्य कोणाची, पहिल्या घराण्यातली आहे : आत सांध्यांचे शरीर आणि त्यावर शिंप्याने बेतून शिवलेला पोशाख. २००२ साली सुरू झालेली मार्व्हल लेजंड्स किंवा २००८ साली आलेल्या फिग्मा आणि एस. एच. फिगुआर्ट्स या सहा इंची मालिका दुसऱ्या घराण्यातल्या आहेत : त्यांच्यात कोट हेच बहुधा फिगरचे अंग असते. हा भेद लक्षात ठेवावा, कारण पुढचे जवळजवळ सगळे त्यातूनच निघते.

चेहऱ्याच्या बाबतीत तुलनेला फारशी जागा नाही. बारा इंची फिगरच्या चेहऱ्यावर रंगाचे पातळ थर एकावर एक चढवलेले असतात, कातडीवरची छिद्रे आणि कपाळावरच्या शिरा दिसतात, डोळ्यांना ओलसर चकाकी असते, आणि काही डोक्यांत तर बुबुळे आतून फिरवताही येतात. सहा इंची फिगरचे डोके बोटाच्या एका पेरापेक्षा लहान असते. त्यावर डोळे-भुवया अलीकडे यंत्राने छापतात, आणि त्यामुळे दहा वर्षांपूर्वीच्या मानाने खूपच सुधारणा झालेली असली तरी भिंगाखाली ठिपके दिसतात, आणि छपाई केसभर सरकली तरी नायक कायमचा तिरळा होतो. ओळखीच्या नटाचा चेहरा हुबेहूब हवा असेल तर माझा पुढचा युक्तिवाद वाचण्याची गरज नाही. बारा इंची घ्यावी. मुखवटाधारी पात्रांना मात्र हा नियम लागू होत नाही, आणि आपल्या आवडीची निम्मी पात्रे मुखवटाधारीच असतात हे खरेदीच्या वेळी विसरले जाते.

जागेचा हिशेब सगळ्यांनाच कळतो, फक्त तो उशिरा कळतो. उंची दुप्पट झाली की तळाची जागा चौपट लागते आणि घनफळ आठपट होते. शिवाय बारा इंची फिगरचा खोका टाकवत नाही, कारण विकायची वेळ आली तर पहिला प्रश्न खोक्याचाच असतो. माझ्या पलंगाखाली अजून चार रिकामे खोके आहेत आणि त्यांतल्या दोन फिगर्स आता माझ्याकडे नाहीतही. किमतीबद्दल एवढेच म्हणता येईल की एका मोठ्या फिगरच्या पैशांत लहान फिगर्सचा अख्खा चमू उभा राहतो. मात्र सहा इंचीच्या बाजूनेही एक खर्च लपलेला असतो : काही मालिकांत प्रत्येक खोक्यात एखाद्या अवाढव्य पात्राचा एकेक अवयव घालतात, आणि त्या पात्राचा डावा पाय मिळवण्यासाठी मी अशा दोन फिगर्स घेतल्या आहेत की ज्यांची नावेही मला आज आठवावी लागतात.

हाताळणीत सहा इंची उजवी ठरते, हे बारा इंचीचे चाहतेही बहुधा मान्य करतील. चांगल्या सहा इंची फिगरचे कोपर दुहेरी असते, खांदा छातीच्या पुढे खेचता येतो, आणि एका मिनिटात उडी मारणारा पवित्रा जमतो. बारा इंची फिगरच्या आत सांधे कदाचित जास्तही असतील, पण ते बाहीखाली असतात; कोपर वाकवले की काखेत चोळामोळा होतो, मग चिमट्याने आणि काडीने चुण्या सारख्या करत बसावे लागते. हे काम मी आवडीने केले आहे, त्यात अर्धा तास कसा जातो ते कळत नाही. परंतु एकदा चुण्या मनासारख्या बसल्या की त्या फिगरला पुन्हा हात लावावासा वाटत नाही, आणि हळूहळू ती सांधे असलेली मूर्ती होऊन बसते.

सहा इंचीचे दोषही सांगायलाच हवेत. घोटे सैल असतात. रात्री कपाटातून टप्पकन आवाज यावा आणि सकाळी पाहावे तर एकीच्या धक्क्याने सगळी रांग आडवी झालेली असावी, हा अनुभव प्रत्येकाला येतो. तलवारी मऊ प्लास्टिकच्या असल्याने खोक्यातच वाकून येतात. रंगाखाली घट्ट चिकटलेला गुडघा जोर लावून फिरवला तर खुंटी तुटते. जपानी फिगर्सच्या मनगटाच्या खुंट्या तर इतक्या बारीक असतात की हात बदलताना मी अजूनही श्वास रोखून धरतो. मात्र या सगळ्या दोषांत एक साम्य आहे : ते पहिल्या आठवड्यात दिसतात आणि बहुतेक घरीच दुरुस्त होतात. वाकलेली तलवार गरम पाण्यात धरून सरळ करावी आणि लगेच थंड पाण्यात बुडवावी. अडकलेला सांधा गरम पाण्याने सैल होतो. घोट्यातला चेंडू ढिला असेल तर त्यावर सुपर ग्लूचा पातळ थर द्यावा, तो पूर्ण वाळू द्यावा आणि मगच सांधा परत बसवावा.

आता त्या कारणाकडे येतो. माझ्याकडच्या बारा इंची फिगर्सपैकी सर्वांत लाडकी होती ती घोट्यापर्यंत लांब काळा कोट घालणाऱ्या एका नायकाची. कोणी बनवली होती ते सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण हा प्रकार एका उत्पादकापुरता नाही. कोट रेक्झिनचा होता, शिवण अप्रतिम होती, आतून अस्तर होते, आणि घडी पडेल तिथे खऱ्या चामड्यासारखीच चमक दिसे. फिगर आली त्या आठवड्यात मी तिचे परीक्षण लिहिले आणि त्यात दोन परिच्छेद केवळ कोटाच्या स्तुतीला दिले. उजवा हात कमरेवर, कोट किंचित मागे सारलेला, असा पवित्रा देऊन मी ती कपाटात ठेवली. कपाटाला काच होती, ऊन कधीच येत नव्हते, धूळ नव्हती. सुमारे पाच वर्षे मी तिला फक्त पाहिले.

मग एकदा शेजारी जागा करण्यासाठी तिचा हात सरळ करू गेलो, तेव्हा कोपराच्या घडीतून काळे पापुद्रे गळून तळपाटावर पडले. सुरुवातीला मला ती धूळ वाटली. बोट लावले तर बोट काळे झाले आणि बाहीवर बोटाचा ठसा पांढरट कापडासह उमटला. पुढच्या दोन-तीन महिन्यांत कॉलर, मग कंबर, मग पाठीची शिवण अशा क्रमाने कोटाने कात टाकली. मी मऊ ब्रशने झाडून पाहिले, चामड्याचे मलम लावून पाहिले; मलमाने पापुद्रे आणखी लवकर सुटले असा माझा समज आहे, तो चूकही असू शकेल.

यामागचे कारण नंतर समजले आणि समजल्याने अधिकच चडफड झाली. रेक्झिन म्हणजे पातळ कापडावर दिलेला लेप. आपल्या फिगर्सच्या पोशाखांत हा लेप बहुधा पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा असतो, आणि अशा पॉलियुरेथेनच्या अनेक प्रकारांची रेणुसाखळी हवेतल्या पाण्याच्या वाफेने हळूहळू तुटते. उष्णता आणि दमटपणा यांनी हे काम वेगाने होते, पण ते सुरू होते कापड तयार झाल्याच्या दिवशीच. आधी पृष्ठभाग चिकट होतो, मग घडीच्या जागी तडे जातात, मग पापुद्रे सुटतात. म्हणजे ऊन टाळून उपयोग नाही, आणि हात न लावल्यानेही फारसा फरक पडत नाही. सर्वांत कटू भाग असा की खोका न उघडता तसाच जपून ठेवण्याची आपल्या छंदातली जी परम निष्ठा आहे, तिनेही हा कोट वाचत नाही. माझ्या एका मित्राने न उघडलेला खोका काही वर्षांनी उघडला तेव्हा आत कोटाची तीच अवस्था होती. सिलिका जेलच्या पुड्या, हवेतला ओलावा कमी ठेवणे, हातपाय सरळ ठेवून घड्या टाळणे, या उपायांनी आयुष्य वाढते. ते किती वाढते हे मला मोजून सांगता येणार नाही. सुटलेला लेप परत बसवण्याचा उपाय मात्र मला सापडलेला नाही. बदली कोट शिवून देणारे कारागीर असतात, पण त्यांतले बरेचसे पुन्हा रेक्झिनच वापरतात, आणि खरे चामडे कितीही पातळ तासले तरी या प्रमाणात ते घोंगडीसारखे उभे राहते.

प्लास्टिक अमर आहे असे मी सुचवत नाही. सहा इंची फिगरच्या पीव्हीसीमधला मऊपणा आणणारा द्रव वर्षांनी पृष्ठभागावर येतो आणि अंग चिकट लागते. पांढरे एबीएस, म्हणजे कडक भागांचे प्लास्टिक, उजेडाने पिवळे पडते. पण चिकटपणा सौम्य साबणाच्या पाण्याने धुता येतो, आणि पिवळी पडलेली फिगर निदान आकाराने तीच राहते. कापडी पोशाखाच्या सहा इंची फिगर्सही मिळतात; त्या दिसायला देखण्या असल्या तरी त्यांतल्या रेक्झिनला वर लिहिलेले सगळे तसेच लागू पडते, म्हणून मी त्या घेत नाही.

माझा आक्षेप खरे तर परीक्षण लिहिणाऱ्यांवर, म्हणजे अंशतः माझ्यावरच आहे. फिगर हाती आल्यावर आठवड्याच्या आत आपण तिचे गुणदोष सांगतो, आणि त्या आठवड्यात बारा इंची फिगर जितकी सुंदर असते तितकी पुन्हा कधीच नसते. सहा इंचीचे नेमके उलटे आहे : पहिल्या दिवशी घोटा सैल, तलवार वाकडी, डोळा किंचित सरकलेला, परीक्षणात तिचे गुण कापले जातात, आणि सहा वर्षांनी ती जशीच्या तशी उभी असते. आता मी परीक्षणात पोशाखाचा प्रत्येक भाग कशाचा आहे ते नोंदवतो आणि तीन वर्षांनी त्याच फिगरवर चार ओळी पुन्हा लिहितो. या दुसऱ्या टिपणांना वाचक फार कमी लाभतात, हे खरे.

तरीही बारा इंचीकडे ओढा असेल तर तो मोडून काढावा असे माझे म्हणणे नाही. पात्र निवडण्याआधी त्याचा पोशाख निवडावा एवढेच सुचवतो. कपाटात उरलेल्या तिघांपैकी एक लोकरी गणवेशातला सैनिक आहे, एक स्टार वॉर्समधला, सुती झगा घातलेला जेडाय योद्धा आहे आणि एक त्यातलाच स्टॉर्मट्रूपर सैनिक आहे, ज्याचे चिलखत कडक प्लास्टिकचे आहे. तिघेही ठणठणीत आहेत. चामड्याची जाकिटे, लांब काळे कोट आणि अंगाला चिकटून बसणारे रबरी पोशाख घालणाऱ्या पात्रांबाबत मात्र, म्हणजे दुर्दैवाने सर्वांत रुबाबदार दिसणाऱ्या पात्रांबाबत, मी दोनदा विचार करीन. जो संग्राहक दर दोन-तीन वर्षांनी जुन्या फिगर्स विकून नव्या घेतो त्याला ही अडचण कदाचित जाणवणारही नाही. ती पुढच्या मालकाला जाणवेल.

त्या कोटवाल्या नायकाचे शरीर आणि चेहरा अजून शाबूत आहेत. चेहरा तर आजही खोलीत येणाऱ्याची नजर खेचतो, म्हणून मी तो विकलेला नाही, फक्त खोक्यात ठेवला आहे. कपाटात त्याच्या जागी त्याच पात्राची सहा इंची आवृत्ती उभी आहे. तिचा चेहरा निम्म्यानेही तसा नाही. कोट एकसंध प्लास्टिकचा असल्यामुळे तो वाऱ्यावर उडतो आहे असा कायमचा घडवलेला आहे, वारा असो वा नसो, आणि नायकाला खुर्चीवर बसवायला गेले की कोटाचा घेर आधी टेकतो आणि नायक अधांतरी राहतो, म्हणून मी त्याला उभाच ठेवतो.