प्रकाशकाकडे पाठवावं की स्वतः छापावं?

कथासंग्रह लिहून तयार आहे, पण पुढचं पाऊल ठरत नाही, असे लिहिणारे सावानात, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात, नेहमी भेटतात. मी दोन्ही वाटा चाललो आहे. कवितासंग्रह पदरच्या पैशानं काढला, कथासंग्रह प्रकाशकानं.

कवितासंग्रहाची छपाई देखणी झाली. प्रकाशनाच्या संध्याकाळी पन्नासेक प्रती गेल्या आणि पाचशेतले उरलेले गठ्ठे सिडकोतल्या घरी पलंगाखाली आले. अनोळखी लेखकाच्या दोन-चार प्रती दुकानदार ठेवून घेतो, पण हिशेबासाठी खेटे घालावे लागतात. त्याहून मला लागलं ते वेगळंच. त्यातल्या दहा-बारा कविता गाळायलाच हव्या होत्या, आणि तसं म्हणणारं माणूस त्या सगळ्या प्रवासात कुठे भेटलंच नाही.

कथासंग्रह दोन ठिकाणांहून साभार परत आला. तिसरीकडून अकरा महिने उत्तर नव्हतं. मग संपादकांचा फोन आला, "पाचवी कथा दोन पानं आधीच संपलीय." ती पानं काढली आणि कथा उभी राहिली. म्हणून माझा कौल आधी प्रकाशकाकडे पाठवण्याला आहे. परक्या, जाणत्या माणसानं आपलं लेखन वाचणं ही मोठी गोष्ट असते. कुसुमाग्रजांच्या 'विशाखा'साठीही १९४२ साली वि. स. खांडेकरांनी पुढाकार घेतला होता.

पैशाचं म्हणाल तर रॉयल्टी बहुधा छापील किमतीच्या दहा टक्क्यांच्या आसपास असते. स्वतः छापलं तर विक्रेत्याची सूट आणि छपाईचा खर्च वजा जाता उरेल ते तुमचं, अर्थात प्रती विकल्या गेल्या तर. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय एजन्सीकडून विनाशुल्क मिळतो, हे मात्र ध्यानात ठेवा.

"इतक्या प्रती तुम्हीच विकत घ्या" असं म्हणणारा प्रकाशक भेटला तर थांबा. खर्च तुमचा आणि हक्क त्याचा, असा तो व्यवहार होतो. प्रकाशक चांगला असला तरी करार लेखी हवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क लेखी आणि सहीनिशीच देता येतात. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. "कायमचे सर्व हक्क" हे शब्द दिसले की ते बदलून मागा. पुढे कथेवर नाटक किंवा चित्रपट व्हायचा झाला, तर तो हक्क तुमच्याकडे असायला हवा.

स्वतः छापणं मला पटतं ते एकाच प्रकारच्या पुस्तकासाठी, ज्याचे वाचक तुम्हाला नावानिशी ठाऊक आहेत. पंचवटीतल्या एखाद्या वाड्याचा इतिहास, सुरगाण्याकडच्या बोलीतल्या म्हणी, शाळेची पन्नास वर्षं. अशा पुस्तकाच्या दोनशे प्रती पुरतात आणि त्या घरोघर पोचतात.

कथा-कवितांचं पहिलंच पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठी अनुदान योजना आहे, तिथेही पाठवा. आणि त्याआधी दोन-तीन कथा दिवाळी अंकांकडे जाऊ द्या. त्यासाठी पावसाळा सुरू होतानाच लिखाण तयार ठेवावं लागतं, गणपतीनंतर फार उशीर होतो. कुठे काय कधी पाठवलं, ते वहीत तारखेसह लिहून ठेवा आणि चार महिन्यांनी एक पत्र टाकून विचारा.